एका वेळी एकच बदल

१० ऑगस्ट, रविवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. बीपी माझं वाढतं आणि वाढवणारे सगळे मजेत फिरतात, पण ठीक आहे. लिहितो.

आज सिन्नरच्या पुढे माळावर जो नवा ट्रॅक झालाय तिथे गाडी घेऊन गेलो होतो. गाडी म्हणजे माझी लाल जपानी, दोन दारांची, कोइमतूरच्या एका माणसाकडून जुनी घेतलेली. इंजिन अजून ठणठणीत आहे. पण वळणावर अशी कलते की आतल्या माणसाला होडीत बसल्यासारखं वाटावं. शेखर मला ओलांडून गेला, परत फिरून आला आणि परत ओलांडून गेला. हा शेखर द्राक्षं एक्स्पोर्ट करतो, तीन स्पोर्ट्स गाड्या बाळगतो आणि ओलांडताना खिडकीतून हात हलवतो. हात हलवायची काय गरज होती?

सुनील बरोबर होता. सुनील गावित, माझा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र, मूळचा सुरगाण्याचा, आदिवासी भागातला. कॉलेजात मार्क माझ्यापेक्षा जास्त आणि त्याची आठवण करून द्यायची हौस त्याहून जास्त. इतकी वर्षं सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यात शॉकअपच्या टेस्टिंगला होता. यंदा नोकरी सोडली आणि सातपूरलाच, माझ्या पाइप फिटिंगच्या युनिटच्या मागच्या गल्लीत, स्वतःचं सस्पेन्शनचं वर्कशॉप टाकलं. ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांचं काम करणार म्हणतो. नाशकात अशा गाड्या किती, मी विचारलं होतं. तो म्हणाला, तुझी एक नीट केली की बाकीच्या येतील.

मी गाडीतून उतरलो तेव्हा तो चाकाशी उकिडवा बसून टायरवर तळहात फिरवत होता. ही त्याची जुनी सवय आहे. हात लावतो, बोटं नाकाशी नेतो आणि मगच तोंड उघडतो. म्हणाला, टायर रस्त्याचे आहेत, त्यांची बाहेरची कड खाल्लीय, शॉकअप मेलेत आणि चालवणाऱ्याला घाई आहे. शेवटचं सोडून बाकी सगळ्यावर उपाय आहे.

शेखर तिथेच उभा होता. माझ्याकडे बोट दाखवत सगळ्यांदेखत म्हणाला, ५ ऑक्टोबरच्या इव्हेंटला अमोलची गाडी माझ्या मागे टिकून राहिली ना, तर माझ्या तिन्ही गाड्या सुनीलकडे, आणि आपल्या ट्रॅकवाल्यांच्या ग्रुपमधले बाकीचेही मी घेऊन येतो. सुनीलने नुसती मान हलवली. त्याच्या वर्कशॉपला सध्या कोण येतं ते मला दिसतं. अलाइनमेंटला रिक्षावाले येतात, बस. हे जमलं नाही तर त्याला शटर ओढावं लागेल. तो बोलत नाही, पण मला कळतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज वर्कशॉपमध्ये डोकं खाल्लं त्याने. मला सगळ्यात कडक सस्पेन्शन हवंय, रेसच्या गाड्यांना असतं तसं. शेखरकडे तेच आहे. सुनील म्हणतो, हा ट्रॅक गुळगुळीत नाही, कडक गाडी उड्या मारेल आणि चाक हवेत असलं की ते काय पकडणार? त्याचं म्हणणं, मधलं घ्यावं. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला सेट येतो, उंची आणि कडकपणा स्क्रू फिरवून कमीजास्त करता येतो. टायर मात्र सेमी स्लिक घ्यावेत, म्हणजे कमी खाचांचे, मऊ रबराचे. गरम झाले की डांबराला चिकटून राहतात, थंड असताना मात्र जपावं लागतं.

तासभर भांडून मी मधलं सस्पेन्शन कबूल केलं. मग त्याने दुसरं काढलं. म्हणे आधी फक्त टायर बदलू, एक दिवस ट्रॅकवर चालवू, मग सस्पेन्शन. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काही बिघडलं, तर कशाने बिघडलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हे वाक्य त्याने भिंतीवर रंगवून घ्यावं, इतक्या वेळा ऐकवलंय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

नानांना आज देवळ्याला जायचं होतं. नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडे पाथर्डी फाट्याला राहतात. गावाकडे आता ट्रॅक्टर आहे, शेती चुलतभाऊ बघतो. बैल नाही, काही नाही, मग पोळ्याला जाऊन करायचं काय? मी म्हटलं, मला युनिटवर काम आहे. ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसून राहिले.

संध्याकाळी वेदिका, माझी बायको, मला ऐकवत होती. तुझ्या वडलांनी दिवसभर मला बैलांच्या गोष्टी सांगितल्या, म्हणाली. शिंगांना हिंगूळ कसा लावायचे, खूर तेलाने कसे चोपडायचे, मिरवणुकीत लोक लांबून खूर बघून सांगायचे की ही गेणूची, म्हणजे नानांची, जोडी. मी म्हटलं, मला कधी नाही सांगितल्या. ती म्हणाली, तू कधी विचारलंस?

मी का विचारू? युनिट टाकलं तेव्हा त्यांनी काय विचारलं होतं? हातात फिटिंग धरून म्हणाले होते, हे घेतं कोण? गाडी आणली तेव्हा एक चक्कर मारून म्हणाले, बुटकी हाय. तेव्हापासून घरात तिला बुटकीच म्हणतात. त्यांनी चांगलं म्हणावं असं मला काही नाही. माझं वय राहिलं नाही आता असल्या गोष्टींचं.

३१ ऑगस्ट, रविवार

सुनील गणपतीला आला होता. नानांशी त्याची पहिल्यांदाच नीट भेट झाली. नानांनी लगेच विचारलं, कुठला रे तू. सुरगाण्याचा म्हटल्यावर म्हणाले, मंग द्राक्षाच्या कामाला येत असाल तुम्ही लोक इकडं. मला ओशाळल्यासारखं झालं. सुनील म्हणाला, यायचो नाना, आईबरोबर, पिंपळगावला. आणि खाली बसून त्यांच्याशी नागलीच्या भाकरीवर बोलत राहिला. जाताना नाना त्याला गेटपर्यंत सोडायला गेले. मला ते कधी गेटपर्यंत सोडायला आलेले आठवत नाहीत.

सुनील जाताना म्हणाला, म्हाताऱ्याला एकदा ट्रॅकवर आण. मी म्हटलं, त्यांना काय कळतंय.

२८ सप्टेंबर, रविवार

माल आज आला. टायर आणि सस्पेन्शन, दोन्ही एकाच दिवशी. महिनाभर रखडवलं आणि आता इव्हेंट पुढच्या रविवारी.

सुनील म्हणाला, मग या वेळी फक्त टायर बसवू. जुन्या शॉकअपवरही गाडी बरीच सुधारेल, शेखरच्या मागे टिकेल, त्याची अट पुरी होईल. सस्पेन्शन दिवाळीनंतर. मी म्हटलं, इतकं सगळं आणून कोपऱ्यात ठेवू? तो म्हणाला, हो, ठेव. वर सुनावलं की माझं नाव लागणार आहे या गाडीला. मी म्हटलं, गाडी माझी आहे.

 मग त्याने स्प्रिंगचा खोका उघडला. चिडला की तो बोलत नाही, काम करतो. तेवढं बरं आहे त्याचं.

१ ऑक्टोबर, बुधवार

गाडी तयार आहे. काय दिसते! उंची खाली आली, चाकं कमानीत अशी बसलीत की बघत राहावं. दाबली की लगेच जागेवर येते, आधीसारखी डुलत नाही. सुनीलने दोन दिवस जेवणाचा डबाही वर्कशॉपमध्येच खाल्ला.

त्याचं म्हणणं होतं, आज संध्याकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर थोडी फिरवून आणू, नव्या टायरवरची कारखान्याची चकाकी घासून जाऊ दे. मी घरी फोन केला, उशीर होईल म्हणून. फोन नानांनी घेतला. म्हणाले, उद्या दसरा, पूजेच्या आधी नवी चाकं रस्त्याला लावायची नाय. त्यांनी गाडीबद्दल आपणहून काही म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी सुनीलला सांगितलं, नको, राहू दे. सपाट ट्रकवर चढवून घरी आणली, रविवारीही तशीच ट्रकवरून जाईल.

सुनील म्हणाला, तर मग पहिल्या दोन फेऱ्या हळू. शपथ घे. घेतली शपथ.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

आजचा दिवस लिहून ठेवायला हवा.

सकाळी उठलो तर नाना पोर्चमध्ये. बाह्या वर, हातात कापड, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. बुटकीला धुऊन पुसून लखलखीत केली होती. काल वेदिकाला घेऊन नाक्यावरच्या दुकानातून पॉलिशची बाटलीसुद्धा आणली म्हणे. टायर असे काळेभोर केले होते की त्यात तोंड बघावं.  मग ते म्हणाले, गाडी हातभर म्होरं घे, खालचं राहिलंय. घेतली. मग म्हणाले, आता थोडी माघारी. ती पण घेतली. या वयात चारी चाकांशी वाकून वाकून काम करत होते. मी म्हटलं, नाना, राहू द्या, कंबर धरेल. ते म्हणाले, सणाला अर्धंमुर्धं करू नये.

मग झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. चाकाखाली लिंबू. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले होते. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता चांगली हाय. रविवारी मी येतो बघायला."

वेदिका म्हणते तुझे डोळे भरले होते. पॉलिशच्या वासाने भरले असतील.

५ ऑक्टोबर, रविवार

खांदा दुखतोय. डाव्या हाताने कागद धरता येत नाही. तरी लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

ट्रकवाला उशिरा आला, ट्रॅकवर पोचलो तेव्हा आमच्या गटाला बोलावणं झालेलं. सुनील म्हणाला, मला चाकं बघू दे, हवा तपासू दे. मी म्हटलं, हवा तूच भरलीयस, वेळ नाहीये. वेदिका नानांना तिच्या गाडीतून घेऊन आली होती. जाळीपाशी नानांची पांढरी टोपी दिसत होती.

पहिल्या दोन फेऱ्या हळू असं ठरलं होतं. पण शेखर पुढे निघाला, आणि टोपी दिसत होती, आणि मला गाडी हातात इतकी घट्ट वाटली की मी पाय दाबला. पहिलं वळण कसंबसं गेलं. दुसऱ्या वळणाला मागची बाजू सटकली. सटकली म्हणजे पकड सुटत सुटत गेली असं नाही, एकदम, साबणावर पाय पडावा तशी. स्टेअरिंग फिरवलं, उपयोग नाही. गाडी गरगर फिरली आणि ट्रॅकच्या कडेला रचलेल्या जुन्या टायरच्या भिंतीवर आदळली. पुढचं डावं चाक मोडून आत गेलं. बॉनेट वर आलं. झेंडूची माळ अजून लटकत होती.

सगळ्यांच्या आधी सुनील पळत आला. मला बाहेर काढलं, हातपाय हलवून बघितले. मग मागच्या चाकाशी वाकला. तळहात फिरवला, बोटं नाकाशी नेली. तिकडून नाना येत होते, छातीवर हात धरून, चप्पल कुठे राहिली ते माहीत नाही, लागलं का रे त्याला, लागलं का, असं म्हणत. सुनीलने त्यांच्याकडे बघितलं. मग हात पँटला पुसला आणि उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी आहे. मागचे शॉकअप कडक ठेवले."

स्वतःच्या तोंडाने म्हणाला! मधलं सस्पेन्शन घ्यायला लावणारा हा, मला घाईवरून टोमणे मारणारा हा, आणि स्क्रू फिरवतानाच चुकला. तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोललो त्याला. काय बोललो ते लिहीत नाही. रागात माणूस बोलतो. तो उलट एक शब्द बोलला नाही, म्हणजे मन खातच असणार.

घरी आल्यावर ग्रुपवर टाकलं, सेटअप चुकला होता, करणाऱ्याने स्वतः कबूल केलंय, ज्यांना काम द्यायचं असेल त्यांनी विचार करावा. लोकांना सावध करणं आपलं काम आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

वेदिका बोलत नाहीये. चहा ठेवून जाते. शेवटी विचारलं, झालं काय? म्हणाली, "काल तू सुनीलला काय म्हणालास ते आठवतंय? 'तुम्हा लोकांना गाडीतलं काय कळतं, सुरगाण्याला जाऊन जीपा ठोक.' सगळ्यांसमोर. शेखर हसला. सुनीलने तुझी बॅग उचलून माझ्या गाडीत ठेवली आणि गेला."

मी म्हटलं, माझा खांदा निखळायची वेळ आली होती. ती म्हणाली, जीभ शाबूत होती ना.

फोन करेन त्याला. पण आधी त्याने करायला हवा. चूक त्याची आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

फोन नाही. शेखर भेटला, म्हणाला, बरं झालं तुझ्या गाडीवर प्रयोग झाला, माझ्या वाचल्या. ग्रुपमधून दोघं जण सुनीलकडे जायचे ठरले होते, तेही आता मुंबईला काम करून घेणार आहेत.

नाना मात्र माझ्या बाजूने आहेत. येईल त्याला सांगतात, त्या सुरगाण्याच्या पोरानं वाट लावली गाडीची. आयुष्यात पहिल्यांदा ते माझी बाजू घेतायत. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

 बीपीची गोळी घेतली.

सकाळी नानांनी वेदिकाची स्कूटर पूजेसाठी तयार केली. धुतली, पुसली, टायर चमकवले. पूजा झाल्यावर वेदिका फुलं आणायला निघाली. गेटपाशी उतार आहे तिथे वळली आणि स्कूटर सरळ आडवी. वेग असा नव्हताच. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. मी धावलो, तिला उठवलं, स्कूटर उचलायला चाकाला हात घातला तर हात घसरला. मधल्या नक्षीवर, जिथे चाक रस्त्याला टेकतं तिथे, तेलकट थर. मी बोटं नाकाशी नेली.

तिथेच उभा राहिलो. वेदिका विचारत होती, काय झालं, काय झालं. 

नाना आतून पाणी घेऊन आले. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, नाना, बुटकीलाही असंच लावलं होतं का, पूर्ण चाकाला?

"मंग? कडंकडंनं लावून काय उपेग? बैलाचा खूर बी समदा चोपडावा लागतो. तुला नव्हतं का म्हणलं, गाडी म्होरं घे, खालचं राहिलंय."

हो. म्हणाले होते. आणि मी घेतली होती. पुढे आणि मागे, दोन्ही वेळा.

वेदिकाने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हाताच्या बोटांकडे, मग नानांकडे. तिला कळलं. ती नानांना म्हणाली, माझंच लक्ष नव्हतं नाना, वाळूवरून घसरले. नाना गेटपाशी वाळू शोधायला लागले. ते आत गेल्यावर मी दोन्ही चाकं साबणाने घासली.

सुनीलला त्याच दिवशी कळलं होतं. तिथेच, चाकाशी वाकल्यावर. हात पुसला त्याने पँटला. मी बघत होतो आणि मला दिसलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सातपूरला जाऊन आलो. शटर बंद. वरचा बोर्ड काढलेला, भिंतीवर चार भोकं. शेजारचा लेथवाला म्हणाला, साहेब चाकणला गेले, कंपनीत लागले परत, अलाइनमेंटचं मशीन मालेगावचा कोणी घेऊन गेला.

फोन उचलला नाही. दोनदा केला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज त्यानेच केला. दिवाळीच्या शुभेच्छाही दिल्या, अगदी कोरड्या, बँकेतून फोन यावा तशा. मी सरळ म्हटलं, मला कळलंय, टायरला पॉलिश होतं. तो म्हणाला, हं.

मी विचारलं, तू तेव्हाच का नाही बोललास?

"म्हातारा अनवाणी पळत येत होता अम्या. तू तिथे त्यांना सोलून काढलं असतंस, मला माहीत आहे ना तू कसा आहेस. मी म्हटलं, आज आपल्या अंगावर घेऊ, उद्या तू शांत झालास की तुला एकट्याला सांगू. मग दोघं मिळून शेखरला काहीतरी पटवू." जरा थांबून म्हणाला, "तू उद्यापर्यंत थांबला नाहीस."

मी म्हटलं, मी चुकलो. जे बोललो ते बोलायला नको होतं.

तो म्हणाला, टायरची चूक मी अंगावर घेतली होती. ते बोलणं मी घेतलेलं नाही, ते तुझ्याकडेच आहे. मग म्हणाला, नानांना सांगू नकोस, परत कशाला हात लावणार नाहीत. आणि फोन ठेवला. मी परत ये म्हणणार होतो. कुठल्या तोंडाने म्हणणार होतो कोण जाणे.

२६ ऑक्टोबर, रविवार

ग्रुपवर लिहिलं. चारदा खोडून लिहिलं. सुनील नको म्हणत असताना टायर आणि सस्पेन्शन एकदम मीच बसवायला लावलं, चाकं तपासू दिली नाहीत, थंड टायरवर पहिल्याच फेरीत जोरात गेलो, त्याच्या कामात काडीची चूक नव्हती, आणि मी त्याला जे बोललो त्याची मला लाज वाटते. यातलं सगळं खरं आहे. एक गोष्ट तेवढी लिहिली नाही.

शेखरने लगेच उत्तर दिलं, मित्रासाठी एवढं कोण करतं आजकाल, मोठं मन आहे तुझं, अमोल. खाली अंगठेच अंगठे. मी शेखरला फोन लावला. म्हटलं, मनबिन काही नाही, खरंच त्याची चूक नव्हती. तो हसला. म्हणाला, अरे त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, आम्ही तिथेच होतो ना. मग कशाने सटकली गाडी, सांग बरं.

नाना शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होते. आवाज मोठा ठेवतात, पण माझं बोलणं त्यांना बरोबर ऐकू जातं.

मी म्हटलं, दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, सांगता येत नाही.

संध्याकाळी सुनील ग्रुपमधून बाहेर पडल्याचं दिसलं. माझ्यामुळे आधी तो चुकलेला ठरला होता, आता चुकूनही मी पाठीशी घातलेला ठरला. वेदिका म्हणाली, याहून काही न लिहिता बसला असतास तर बरं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

बुटकी काल घरी आली. मुंबईच्या माणसाने बॉनेट बदललं, चाक बसवलं. सस्पेन्शन सुनीलने लावलं होतं तसंच आहे. त्या माणसाने मशीनवर लावून तपासलं आणि म्हणाला, हे कोणी सेट केलंय? हात लावण्यासारखं काही नाहीये यात.

आज सकाळी नाना पोर्चमध्ये आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकं बघितली. नवीन बाटली आणून ठेवलीय म्हणाले. मी म्हटलं, नाना, या टायरना नको, कंपनीने मनाई केलीय, तुम्ही वरचं पत्रं चमकवा. ते बरं म्हणाले आणि कापड घेऊन बसले. मी पण दुसरं कापड घेतलं. दोघं मिळून पुसत होतो. असे कधी बसलो होतो आठवत नाही.

पुसता पुसता ते म्हणाले, "त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितलं तुला चालवताना. लय भारी चालवतो तू. त्या पोरानं घात केला, नायतर पहिला आला असता."

हे ऐकायला मी चाळिशी ओलांडली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं एकदा चांगलं म्हणावं, यासाठी मी काय काय केलं ते माझं मला माहीत. हातातलं कापड थांबलं. सांगावं असं ओठांवर आलं. ते माझ्याकडे बघत होते, हसत होते, दात नसलेलं हसू.

मी म्हटलं, "हो, नाना."